आरसा खाली, टूल वर

४ ऑगस्ट, रविवार

निर्णय झाला. दुर्बीण करायची. विकत आणायची नाही, करायची. आतल्या आरशासकट.

कारण : दादा. सकाळी त्याच्याकडे गेलो होतो. तो नुकताच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. काचबिंदू आहे म्हणे, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसणं हळूहळू मिटत जाणार, मधलं राहील काही काळ. हे सगळं त्याने चहात बिस्किट बुडवत सांगितलं, जसं काही शेजाऱ्याच्या डोळ्यांबद्दल सांगतोय. मग म्हणाला, छोट्या, शनीची कडी बघायची राहिली बघ. (मी चोपन्न वर्षांचा आहे. हा अजून छोट्याच म्हणतो.)

मी म्हटलं, मी दाखवतो, स्वतः केलेल्या दुर्बिणीतून. दादा म्हणाला, तू? तुझी सायकल अजून माळ्यावर सुटी पडली आहे. वहिनी पदराआड हसल्या. बायको पदराआड वगैरे न जाता हसली.

ती सायकल मी मुद्दाम सुटी ठेवली आहे.

डॉक्टरांचं फार मनावर घेतलेलं नाही. घाबरवणं हा त्यांचा धंदाच. आमच्या लिफ्ट कंपनीतले सर्व्हिसवालेही गिऱ्हाइकाला सारखे सांगतात, केबल बदला, केबल बदला. लिफ्ट चालतच असते.

टार्गेट : ऑक्टोबरअखेर.

५ ऑगस्ट, ऑफिसात

तक्रारींचे फोन कमी. वाचन भरपूर. पद्धत इतकी सोपी आहे की हसू आलं. दोन सारख्या गोल चकत्या घ्यायच्या. एक जाड काचेची, तिचा पुढे आरसा होतो. दुसरी म्हणजे टूल, साध्या भाषेत घासणी. मध्ये पाणी आणि खरखरीत पावडर घालून एक दुसरीवर घासत राहायचं. काचेला मध्ये खोलगटपणा येतो. मग बारीक पावडर, मग आणखी बारीक, मग पॉलिश. झाला आरसा. एवढ्यासाठी लोक दुकानात जातात!

टूलही घरीच होतं. प्लास्टरची चकती ओतायची, तिच्यावर टाइलचे तुकडे चिकटवायचे. पावडर चावायला टाइल, वजनाला प्लास्टर. लहान मूल करेल.

मध्येच एका बाईंचा फोन, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. म्हटलं, माणूस पाठवलाय. मग माणूस पाठवला.

११ ऑगस्ट

काच आली. आठ इंच व्यास, इंचभर जाड, कडेने हिरवी. काचवाल्याने विचारलं, टीपॉयला का? मी फक्त हसलो.

बायकोने ती दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि म्हणाली, अहो, ही पायावर पडली तर? या घरात प्रत्येक गोष्टीची सुरुवात अपशकुनाने होते.

फोनवर दुर्बीणवाल्यांचा एक ग्रुप सापडला. जॉइन झालो. तिथे 'आकाशवेडा' नावाचा एक इसम आहे. काहीही विचारा, लगेच क्रमांक घालून मुद्दे येतात. मी विचारलं फक्त प्लास्टरचं. त्याने सुचवलं की पहिल्यांदाच करताय तर तयार टूल मिळतं ते घ्या. म्हणजे दुर्बीण माझी आणि टूल बाजारचं! उत्तर दिलं नाही. मौन हेही उत्तर असतं.

१८ ऑगस्ट

टूल क्रमांक १. साचा म्हणून बायकोचा केकचा डबा घेतला (व्यास अगदी बरोबर, यात माझा दोष नाही). प्लास्टर ताकासारखं कालवलं. ओतलं. थोड्या वेळाने डबा गरम लागला. घाबरलो नाही. वाचलं, घट्ट होताना प्लास्टर तापतंच.

घट्ट झालं. फारच झालं. डब्यातून निघेना. उलटा केला, ठोकला, फ्रीजमध्ये ठेवला, उन्हात ठेवला. शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने डबा सोलला. चकती निघाली, तिचे तीन तुकडे होते.

बायकोला म्हटलं, डबा जुनाच होता. ती म्हणाली, मीही जुनीच आहे. याचा अर्थ लागला नाही. विचारलं नाही.

यश : साचा सोलता येतो हे कळलं.

२५ ऑगस्ट

टूल क्रमांक २. या वेळी साच्याला आतून प्लॅस्टिकचा कागद लावला. साचा : प्लॅस्टिकच्या बादलीचं कापलेलं बूड. बादली बाथरूममधली. आता अंघोळ बेसिनपाशी, मगने.

टाइलसाठी माळ्यावर बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स होत्या. कधी भिंतीतली एखादी फुटली तर असाव्यात म्हणून बायकोने जपून ठेवलेल्या. टॉवेलमध्ये गुंडाळून हातोडीने फोडल्या. तुकडे एपॉक्सीने चकतीवर बसवले, मध्ये पाणी जायला फटी ठेवून. ग्रुपवर लिहिलं होतं की बरोबर मधोमध तुकडा बसवू नये, जरा बाजूला सरकवावा, नाहीतर काचेवर वलयं उठतात. मी बरोबर मधोमध बसवला. डोळ्यांना नीट दिसायला नको?

फोटो टाकला. आकाशवेड्याने विचारलं, प्लास्टरला वरून व्हार्निश किंवा एपॉक्सी मारलंय ना? नाहीतर पाणी पिईल. मी लिहिलं, बघू.

२६ ऑगस्ट

पिईल म्हणजे खरंच पितं. बाल्कनीत निळ्या पिंपात पाणी भरून त्याचं टेबल केलं होतं, वर काच, पाणी, पावडर, टूल. दहा मिनिटं मस्त खर्र खर्र. मग आवाज मऊ झाला. मला वाटलं हात बसला. खाली बघतो तर टूलची लापशी आणि तीत टाइल्स पोहतायत.

प्लास्टर निकृष्ट.

१ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर तक्रार घेऊन आली. म्हणाली, काका, मी दिवसभर ड्रिलचा आवाज ऐकते, रविवारी तरी डोक्यावर दात घासू नका. मी म्हटलं, ही विज्ञानाची घासाघीस आहे. तिने लापशी पाहिली, बोटांत चोळली, म्हणाली, हे भिंतीचं प्लास्टर आहे, कवळीचे साचे करायला आमच्याकडे वेगळं असतं, दगडासारखं होतं, देऊ का?

मी म्हटलं, गरज नाही.

संध्याकाळी विचार करताना मला स्वतंत्रपणे सुचलं की दातांचं प्लास्टर वापरून बघावं. खाली जाऊन पिशवी आणली. ती हसली नाही. बरी मुलगी आहे. रविवारी सकाळी दहाच्या आत घासणार नाही असं कबूल केलं.

८ सप्टेंबर

टूल क्रमांक ३. इतिहासात नोंद व्हावी असं.

चकती सूतभरही वेडीवाकडी नाही. दगड. वाजवली तर टण्ण. सगळीकडून एपॉक्सीचे दोन हात दिले (मला आधीपासूनच द्यायचे होते). टाइल्सच्या ओळी अशा की बायकोसुद्धा दोन मिनिटं बघत उभी राहिली. मग म्हणाली, बाथरूमची टाइल फुटली तर हेच लावू या भिंतीला.

दादाला फोन केला. सांगितलं, टूल झालं. तो म्हणाला, म्हणजे दुर्बीण झाली? म्हटलं, जवळजवळ. म्हणाला, वा. आणि खरंच खूश झाला. हा सहसा फोनवर खूश होत नाही.

१० सप्टेंबर

ग्रुपवर भांडण. नोंद ठेवणं आवश्यक.

मी लिहिलं की काच पिंपावर खाली ठेवून टूल वर घेऊन घासणार आहे. आकाशवेडा म्हणतो, उलट करा. काच वर, टूल खाली. वरची वस्तू खोलगट होते, खालची फुगते. मी म्हटलं, काच महाग, टूल घरचं. ओल्या हातातून वरची वस्तू निसटली तर टूल पडलेलं परवडेल, काच नाही. साधी अक्कल आहे. त्यावर त्याने सात मुद्दे पाठवले, मुद्दा चार आकृतीसह. एका बाईंनी लिहिलं, सर बरोबर सांगतायत. दुसऱ्याने त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकला.

मी लिहिलं, झुंडीने सत्य ठरत नाही. आणि ग्रुप सोडला.

सोडताना फार मोकळं वाटलं. यापुढे माझी काच आणि मी.

१५ सप्टेंबर

काच खाली, टूल वर. घासणं सुरू. पिंपाभोवती गोल फिरत घासायचं, म्हणजे सगळीकडून सारखं होतं. बायको म्हणते, घाण्याचा बैल. बैलाला निदान तेल दिसतं म्हणे. मला आरसा दिसतोय, मी म्हटलं. कुठे, ती म्हणाली.

खांदे दुखतात. चांगल्या अर्थाने.

२२ सप्टेंबर

दादा-वहिनी जेवायला. दादाच्या उजव्या हाताला पाण्याचा ग्लास होता, तो त्याने कोपराने पाडला. दोनदा. वहिनींनी ग्लास उचलून त्याच्या समोर, ताटाच्या वर ठेवला. सवयीचा हात वाटला.

दादा धांदरट झालाय. नोकरी सुटली की माणूस ढिला पडतो.

जेवण झाल्यावर त्याला बाल्कनीत नेऊन काम दाखवलं. हात मागे बांधून बराच वेळ उभा राहिला. लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना मी असाच त्याच्यामागे उभा असायचो. म्हणाला, आवाज छान येतोय रे.

६ ऑक्टोबर

प्रगती जोरदार. काच सगळीकडून धुरकट झाली. एक किरकोळ बाब : टूलच्या मधल्या टाइल्स झिजून पातळ झाल्या, कडेच्या मात्र जशाच्या तशा. याचा अर्थ मधल्या टाइल्सचा लॉट खराब. टाइल कंपनीला पत्र लिहायचा विचार आहे. बायको म्हणाली, एकाच खोक्यातल्या होत्या ना सगळ्या? काही माणसांना विज्ञानात भावना आणायची सवय असते.

दादाने गाडी चालवणं सोडलं. वहिनींनी फोनवर सांगितलं. रस्त्यावर ट्रॅफिक किती वाढलाय, मी म्हटलं, मीही सोडणार आहे. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्हाला गाडी येत नाही.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबरअखेर अवघड दिसतंय. घाईत केलेलं काम टिकत नाही. नवं टार्गेट : नोव्हेंबर मध्य. शनी कुठे पळून चाललाय?

वेळ जातो त्याला जबाबदार : ऑफिस. साहेबांनी बोलावून विचारलं, तुमच्या नखांत हे करडं काय असतं? म्हटलं, छंद. म्हणाले, एका सोसायटीचा फोन तुम्ही खर्र खर्र करत उचललात अशी तक्रार आहे. हे अतिशयोक्त आहे. मी फक्त टेबलावर टूल ठेवून हाताची गती बसवत होतो, पावडरीशिवाय.

२७ ऑक्टोबर

बायको काच धुवायला मदत करत होती (मी बोलावलं नव्हतं, घसरत होती म्हणून धरली). वरून तिने मगभर पाणी ओतलं. पाणी मध्ये न थांबता चहूबाजूंनी खाली ओघळलं. ती बघत राहिली. परत ओतलं. परत ओघळलं. म्हणाली, अहो, खोलगट करताय ना? मग पाणी मध्ये साठायला नको? वाटीत कसं साठतं?

मी समजावलं की काचेचा आणि पाण्याचा पृष्ठताण वेगळा असतो, खोलगटपणा अगदी सूक्ष्म असतो, आणि हे साध्या डोळ्याला कळत नाही.

ती म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच का?

माझ्यावर व्यक्तिगत टीका झाली की मी उत्तर देत नाही.

३ नोव्हेंबर

दादा आला. रिक्षाने, एकटा. म्हणजे डोळे ठीक आहेत. जिन्यात थोडा थांबत थांबत आला, पण आमचा जिना मुळातच अंधारा.

म्हणाला, दाखव बघू आरसा. हातात घेतला. डोळ्यांसमोर धरला नाही, मांडीवर ठेवला आणि तळवा फिरवला. मग बोटांची टोकं. मग म्हणाला, पट्टी आहे का? स्टीलची पट्टी दिली. त्याने ती काचेवर आडवी ठेवली आणि एका टोकावर बोट टेकवलं. दुसरं टोक उचललं गेलं. या टोकावर टेकवलं, ते उचललं. सी-सॉ.

म्हणाला, मध्ये उंच लागतंय रे.

मी म्हटलं, पट्टी वाकडी आहे. दुसरी पट्टी दिली. सी-सॉ. मग त्याने टूल मागितलं आणि त्यावर पट्टी ठेवली. पट्टी दोन्ही कडांवर टेकली, मधून उजेड दिसला. दादाने तो उजेड पाहिला नाही, मधल्या फटीत नख घालून बघितलं. म्हणाला, खोलगट हे झालंय. काच फुगली.

बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, चहा टाकू का. तिने एवढंच म्हटलं. तिला किती मोठी संधी होती.

मी म्हटलं, दादा, तुझ्या बोटांचा भरवसा काय. तो म्हणाला, आता त्यांचाच आहे.

४ नोव्हेंबर

शांत डोक्याने विचार केला.

एक : तत्त्वतः प्रयोग यशस्वी आहे. वरची वस्तू खोलगट होते हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं. कुणी सांगितलं म्हणून मानलं नाही. दोन : प्लास्टरच्या टूलला इतका सुरेख खोलगटपणा आजवर कुणी दिला असेल असं वाटत नाही. टूलमधून शनी दिसत नाही, हा टूलचा दोष नाही. आणि टाइल कंपनीला पत्र पाठवलं नाही हे बरं झालं. पाठवणारच नव्हतो.

उपाय सोपा. आता काच वर, टूल खाली. आधी फुगवटा उतरवायचा, मग खड्डा पाडायचा. म्हणजे झालेलं सगळं काम शून्यावर आणायला आधी महिनाभर काम.

नवं टार्गेट : डिसेंबर. डिसेंबरात आकाश स्वच्छ असतं. नशिबाने साथ दिली म्हणायची.

आकाशवेड्याला हे कळवायचं नाही.

१० नोव्हेंबर

काच वर. जड आहे. काठाबाहेर सरकवली की तोल जातो, दोन्ही हातांनी दाबून धरावी लागते. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो.

दातांची डॉक्टर जिन्यात भेटली. विचारलं, काका, झाली का दुर्बीण? म्हटलं, दुसरा टप्पा सुरू. तिला वाटलं पुढचा. मी दुरुस्ती केली नाही.

१७ नोव्हेंबर

पट्टी जवळजवळ सपाट बसते! साडेतीन महिन्यांत काच पुन्हा दुकानात होती तशी झाली. थोडी धुरकट, इतकंच.

वहिनींचा फोन. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा भराभर मिटतंय. थेंब बदलून दिले. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. त्या म्हणाल्या, हा दुसराच आहे भावजी. तिसराही झाला.

म्हटलं, तिसरेही घाबरवतातच.

फोन ठेवल्यावर तासभर जास्त घासलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

दादा-वहिनी सकाळीच आले. मी बाल्कनीत होतो, काम जोरात. बायकोने चहाचे दोन कप दादाच्या हातात दिले, म्हणाली, एक त्यांना द्या बाहेर. दादा दारातून आला. पिंप त्याच्या डाव्या बाजूला.

काच तेव्हा काठाबाहेर होती, हात ओले. ती सुटली आणि फरशीवर पडली. फार मोठा आवाज नाही झाला. दोन तुकडे, एक मोठा, एक खापरीएवढा.

दादा जागच्या जागी थांबला. कपांतला चहा सांडला नव्हता. म्हणाला, काय पडलं रे?

मी म्हटलं, माझा हात निसटला.

तो म्हणाला, माझा धक्का लागला का? काहीतरी लागलं मला कमरेला.

मी म्हटलं, छे. तू कुठे, तू तर दारात होतास. दाराची कडी लागली असेल. माझाच हात. पावडर बुळबुळीत असते.

बायको दारात उभी होती, वहिनी तिच्या मागे. दोघींनी सगळं पाहिलं होतं. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी तयार होतो, आता ती म्हणणार, सांगितलं होतं पायावर पडेल. ती म्हणाली, यांचा हात ना, असाच आहे पहिल्यापासून. भावजी, तुम्ही आत या, इथे तुकडे आहेत. आणि झाडू मला न देता स्वतः घेतला.

नोंद. काच का पडली : कारण ती वर होती. मी लेखी सांगितलं होतं, वर ठेवली की पडते. एकूण वादात शेवटी मीच बरोबर ठरलो.

पिंप निळं आहे. कमरेएवढं उंच. गेले तीन महिने एकाच जागी आहे.

त्याला पिंप दिसलं नाही.

२६ नोव्हेंबर

आकाशवेड्याला त्याची चूक दाखवून देण्यासाठी ग्रुप परत जॉइन केला. त्याला वेगळा मेसेज लिहायला घेतला. सुरुवात ठणकावून केली : आपल्या सल्ल्याप्रमाणे काच वर ठेवली आणि ती फुटली, याची जबाबदारी कोण घेणार. मग कारण द्यायचं म्हणून दादाबद्दल एक ओळ लिहिली. मग आणखी एक. मेसेज लांबला. शेवटी काय लिहिलं ते नीट आठवत नाही. परत वाचायची इच्छा नाही.

लगेच उत्तर आलं. नेहमीप्रमाणे क्रमांक घालून. पहिला मुद्दा, वाईट वाटलं. दुसरा, त्याची पहिली काचही फुटली होती, आणि दुसरी पण. तिसरा, शनी अजून काही आठवडे संध्याकाळी चांगला दिसेल. चौथा, माझ्या गच्चीवर या. पाचवा, जिना अरुंद आहे, मी न्यायला येतो.

मी लिहिलं, विचार करतो. मग लिहिलं, हो.

हे विकत घेणं नव्हे. त्यामुळे तत्त्वाला बाध येत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

आकाशवेडा प्रत्यक्षात बारीक, लाजरा माणूस निघाला. ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकवायचीच गाडी घेऊन आला, छतावर मोठा पाटीचा त्रिकोण, डावीकडच्या सीटपुढेही ब्रेक. दादाला त्याने त्या सीटवर बसवलं आणि म्हणाला, वाटलं तर दाबा, मला सवय आहे. दादाने वाटेत दोनदा दाबला. दोन्ही वेळा काही नव्हतं. आकाशवेडा दोन्ही वेळा म्हणाला, बरं केलंत.

जिन्यात दादाने माझा खांदा धरला. मी पुढे, तो मागे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी पुढे.

दुर्बीण पाहिली. पुठ्ठ्याची नळी, रंग उडालेला, खाली लाकडी खोका. आरसा स्वतःचा केलेला. मी बारकाईने तपासला. कडेला एक चरा आहे. त्याला म्हटलं, चरा आहे. तो म्हणाला, हो, तीन आहेत.

त्याने शनी लावून दिला. दादा वाकला. डोळा लावला, काढला, परत लावला. मी म्हटलं, नसेल दिसत तर राहू दे. त्याने हाताने गप्प केलं, लहानपणी करायचा तसं.

मग म्हणाला, आहे रे. कडी आहे. अगदी आहे.

परत बघितलं. मग आकाशवेड्याला विचारलं, इथून सगळ्यांना एवढंच दिसतं का? एवढ्याशा गोलात? बाजूचं काही नाही? तो म्हणाला, सगळ्यांना एवढंच. दादा म्हणाला, मग इथे मी तुमच्यातलाच आहे.

वहिनींनी बघितलं. बायकोने बघितलं, आणि अगंबाई म्हणाली. ती सहसा म्हणत नाही. मग परत दादाने. मग परत वहिनींनी. मी मुद्दाम शेवटी राहिलो. ज्याला तंत्र कळतं त्याने घाई करू नये.

माझी पाळी आली. वाकलो. करडं. फिरवून बघितलं. करडंच. बाजूला होऊन वर पाहिलं तर एवढ्या सगळ्या स्वच्छ आकाशात एक ढग, बरोबर तिथेच.

दादाने विचारलं, दिसली?

मी म्हटलं, दिसली. सुंदर.

कशी वाटली?

म्हटलं, छान. गोल.

दादा म्हणाला, गोल नाही रे, लांबट दिसते. तिरकी असते ना. मग हसायला लागला. छोट्या, तुला दिसलीच नाही. वहिनी हसल्या, बायको हसली. आकाशवेडा हसला नाही, म्हणाला, थांबा, जाईल ढग. थांबलो. दादाला गार वाटायला लागलं तोवर थांबलो. गेला नाही.

गाडीत मी स्पष्ट सांगितलं, मला दिसली आणि गोलच दिसली, प्रत्येकाचा डोळा वेगळा. दादा म्हणाला, हो, असेल. आणि घरापर्यंत हसत राहिला.

मला दिसला ढग. पण अगदी जवळून.